उकड आधी, मशीन नंतर

ब्रेड मशीनमध्ये रायचा काळा पाव घरी करायचा असेल, तर गव्हाच्या पावाबद्दल जे शिकलो ते बाजूला ठेवावं आणि ज्वारीच्या भाकरीचं जे ठाऊक आहे ते हाताशी घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. मोहगावात बसून हे म्हणायला कारण आहे. पांढुर्णा आणि सौंसरचा हा पट्टा १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाल्यावर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघून तो पांढुर्णा जिल्हा झाला. पण घरातली बोली मराठी राहिली, बाजाराची ओढ नागपूरकडे राहिली, आणि ताटातली भाकर ज्वारीची राहिली. संत्रा, कपाशी, मका, सोयाबीन यांनी ज्वारीची शेतं खाल्ली हे खरं; देशभरच १९६०च्या दशकातलं सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टरचं ज्वारीचं क्षेत्र आता चाळीस लाखांच्या आसपास आलं आहे. पीक मागे हटलं, तरी ते धान्य हाताळायची रीत अजून घराघरात आहे. राय हे थंड मुलखातलं, जर्मनी-पोलंड-रशियातलं धान्य. आपल्याकडे ते जवळपास पिकतच नाही. तरीही त्याचं पीठ एकदा हाताला लागलं की ज्वारी थापणाऱ्या बाईला ते ओळखीचं वाटतं, आणि फक्त कणीक मळणाऱ्याला परकं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण पाव बसतो की बिघडतो ते इथेच ठरतं.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ताणली जाणारी जाळी तयार होते. तिलाच ग्लुटेन म्हणतात. नागपूरची लांब पोळी हे या जाळीचं सगळ्यांत देखणं रूप. पातळ भिजवलेली कणीक आपटून आपटून इतकी लवचीक करतात की ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओढली तरी फाटत नाही, आणि मग पालथ्या मडक्यावर अंथरली जाते. ज्वारीचं तसं नाही. ज्वारीच्या पिठाला कितीही मळलं तरी जाळी होत नाही. मळण्यानं फक्त पीठ सारखं होतं. भाकर बांधून राहते ती ओल्या, थोड्या शिजलेल्या स्टार्चच्या जोरावर. म्हणूनच पिठाची विरी गेली, म्हणजे पीठ जुनं झालं आणि थापताना कडा फाटायला लागल्या, की कुणी जास्त मळत बसत नाही. उकळतं पाणी घालतात किंवा सरळ उकड काढतात. गंजात पाणी उकळायचं, त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवून वाफ द्यायची, आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर ते मळून घ्यायचं. उष्णतेनं स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, चिकट होतात, आणि गव्हात जे काम जाळी करते ते काम हा चिकटपणा करतो. ही गोष्ट इथल्या बायकांना पुस्तक न उघडता माहीत आहे.

राय या दोघांच्या मधली वाटते, पण वागते ज्वारीच्या अंगानं. तिच्यात ग्लुटेनच्या जातीची प्रथिनं आहेत. ती जाळी मात्र विणत नाहीत. त्याऐवजी रायमध्ये पेंटोसान नावाचे चिकट तंतुमय पदार्थ गव्हापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि ते स्वतःच्या वजनाच्या अनेकपट पाणी धरून ठेवतात. त्यामुळे रायचं पीठ भिजवलं की गोळा होत नाही, चिखल होतो. हाताला चिकटतो, भांड्याला चिकटतो, आणि त्याचं चिकटणं थांबेपर्यंत मळत राहावं म्हटलं तर दिवस संपेल. दुसरी अडचण ओव्हनमध्ये येते. रायचा स्टार्च साठ अंशांच्या आसपासच फुगायला लागतो, आणि स्टार्च तोडणारं एन्झाइम त्या तापमानाला जोरात चालू असतं. ते मोकळं सोडलं तर पाव बाहेरून भाजला जातो आणि आत खळीसारखा ओला राहतो. याला उतारा एकच, आंबटपणा. पीठ पुरेसं आंबलं की ते एन्झाइम मंदावतं. रायचा पाव बहुतेक ठिकाणी आंबवणावर करतात तो केवळ चवीसाठी नव्हे, तो बसावा म्हणून.

म्हणजे रायला दोन गोष्टी लागतात, जाळीची जागा घ्यायला उकड आणि एन्झाइमला आवरायला आंबवण. या दोन्ही गोष्टी जाळी न विणणाऱ्या धान्यांच्या मुलखात ठिकठिकाणी सापडतात. रशियातल्या बोरोदिन्स्की या काळ्या पावात पिठाचा एक भाग माल्टसोबत उकळत्या पाण्यात शिजवून घेतात, तो गोडसर होईपर्यंत उबेत ठेवतात आणि मग आंबवलेल्या पिठात मिसळतात. वरून धणे लावतात. इथिओपियात इंजेरा ही तिथली आंबट पोळी करताना आंबलेल्या पिठातला थोडा भाग काढून पाण्यात शिजवतात आणि परत त्याच पिठात ओततात. त्या शिजवलेल्या भागाला आब्सित म्हणतात. सुदानची किस्रा ही ज्वारीचीच, आंबवून तव्यावर पसरलेली. आणि आपल्याकडे ज्वारीची आंबील आहेच. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणच्या स्वयंपाकघरांनी एकच उत्तर शोधलं असेल, तर ते उत्तर धान्याच्या स्वभावातूनच आलेलं असणार. माझ्या म्हणण्याचा खरा आधार हा आहे.

आता मशीनकडे येऊ. घरगुती ब्रेड मशीन बाजारात आलं ते जपानमध्ये, १९८७ साली, मात्सुशिता कंपनीकडून. ते घडण्याची हकीकत नोनाका आणि ताकेउची या दोन अभ्यासकांनी १९९५च्या त्यांच्या पुस्तकात नोंदवली आहे. सुरुवातीच्या यंत्रातला पाव बाहेरून करपत होता आणि आत कच्चा राहत होता. कारण कळेना, तेव्हा कंपनीतल्या इकुको तानाका या ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी करायला गेल्या. तो पीठ नुसतं दाबत नव्हता. ताणताना पिळतही होता. ही पिळाची ओढ यंत्रात उतरवण्यासाठी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या, आणि यंत्र जमलं. मला या हकीकतीत एक गोष्ट महत्त्वाची दिसते. मशीनला हात मिळाला तो एका गव्हाच्या पाववाल्याचा. तो हात ताणतो, पिळतो, जाळी विणतो, आणि पीठ फुगलं की मध्येच पातं फिरवून त्यातली हवा काढून पुन्हा फुगवतो. गव्हाला हे सगळं मानवतं. रायला यातलं काहीच मानवत नाही. तिच्यात विणायला जाळी नाही, आणि एकदा धरलेला वायू मध्येच काढून टाकला तर दुसऱ्यांदा फुगायची ताकद तिच्यात उरत नाही. म्हणून गव्हाच्या प्रोग्रॅमवर लावलेला रायचा पाव खाली विटेसारखा घट्ट आणि वर खचलेला निघतो, आणि दोष पिठाला दिला जातो.

यावर कुणी म्हणेल, की काही मशीनमध्ये रायचा वेगळा प्रोग्रॅम असतोच. असतो. पॅनासॉनिकच्या काही मॉडेलांसोबत रायसाठी दातेरी असं वेगळं पातंही येतं. त्यावरून बनवणाऱ्यांनाही गव्हाचं पातं रायला पुरत नाही हे कळलेलं आहे, एवढं तर सिद्ध होतं. पण असे प्रोग्रॅम बहुतेक राय आणि गहू यांच्या मिश्रणासाठी आखलेले असतात आणि त्यांची भिस्त यीस्टवर असते. निम्म्याहून अधिक राय असलेल्या, आंबवणावरच्या पावाला लागणारा वेळ त्यांच्या हिशेबात बसत नाही. आंबवण घड्याळाकडे बघून आंबत नाही. मे महिन्यात ते तीन तासांत तयार होतं आणि डिसेंबरात रात्रभर घेतं. तेव्हा मशीनकडून दोनच कामं घ्यावीत असं मी मानते. एक, पीठ सारखं कालवणं. दोन, ठरलेल्या आचेवर भाजणं. मधला सगळा वेळ मशीन बंद ठेवून पिठाकडे आपण बघायचं.

प्रत्यक्षात मी हे असं करते. एका पावाला ५०० ग्रॅम रायचं पीठ. त्यातलं १७५ ग्रॅम पीठ आदल्या रात्री तितक्याच पाण्यात कालवून, जुन्या आंबवणाचा एक चमचा घालून ठेवायचं. सकाळी ते फुगलेलं, आत बारीक बुडबुडे धरलेलं आणि वासाला आंबील होऊ घातल्यासारखं असतं. पुढच्या वेळेसाठी त्यातलं चमचाभर काढून ठेवायचं. दुसरीकडे १२५ ग्रॅम पिठावर २५० मिली उकळतं पाणी ओतून, चमचाभर गव्हाच्या मोडांचं पीठ घालून, पोळ्यांच्या गरम डब्यात दोनेक तास झाकून ठेवायचं. हे मोडांचं पीठ घरी करता येतं. गहू भिजवून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे आणि दळायचे, भाजायचे नाहीत; भाजले तर त्यातलं एन्झाइम मरतं. पाणी ओतल्या ओतल्या मात्र ते टाकू नये, उकड हाताला चांगला चटका देईल पण वाफ मारणार नाही इतपत निवू द्यावी, नाहीतर तेच होतं. दोन तासांनी डबा उघडला की पांढुरकी खळ गेलेली असते आणि तिच्या जागी तपकिरी, सैल, चाखली तर चक्क गोड लागणारी उकड असते. साखर कुणी घातलेली नसते. ती स्टार्चमधूनच सुटलेली असते. जे एन्झाइम ओव्हनमध्ये पाव बिघडवतं तेच इथे डब्यात राबवून घ्यायचं, हे या पद्धतीतलं मला सर्वांत आवडणारं शहाणपण आहे.

मग मशीनच्या भांड्यात आंबवण, निवलेली उकड, उरलेलं २०० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम मीठ, किसलेला काळपट गूळ दोन चमचे, भरडलेले धणे, आणि लागलं तर दोन-चार चमचे पाणी. मळण्याचा प्रोग्रॅम पाच-सात मिनिटं चालवायचा, तोही सराटा हातात घेऊनच, कारण पातं मधल्या मध्ये फिरतं आणि कोपऱ्यांत कोरडं पीठ तसंच राहतं. कालवलं गेलं की मशीन बंद. पातं काढून घ्यायचं, नाहीतर पावाच्या पोटात भोक पडतं. ओल्या हातानं वरचा भाग सपाट करायचा आणि त्यावर कोरड्या पिठाचा पातळ थर भुरभुरवायचा. हा थर शोभेचा नाही. पीठ वर यायला लागलं की त्या पांढऱ्या थराला केसाएवढ्या चिरा पडतात, आणि चिरांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसायला लागतात. तोच क्षण भाजायला लावण्याचा. आणखी फुगायची वाट पाहिली तर मधोमध खच पडते. त्यानंतर केवळ भाजण्याचा प्रोग्रॅम, सगळा मिळून ऐंशी ते नव्वद मिनिटं; बहुतेक मशीनमध्ये तो दुसऱ्यांदा लावावा लागतो. आत घालायचा थर्मामीटर असेल तर गाभा ९६-९७ अंशांवर गेला की झालं. पाव भांड्यातून काढून कापडात गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कापायचा नाही. गरम कापला तर सुरीला लगदा लागतो, कारण पेंटोसाननं धरलेलं पाणी अजून गाभ्यात सारखं पसरलेलं नसतं.

रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काळा पाव म्हटलं की लोक रंगाकडे बघतात. रायचं पीठ मुळात करडं. जर्मनीतल्या पम्परनिकलचा गडद रंग येतो तो मंद आचेवर सोळा-सोळा तास आणि त्याहूनही जास्त भाजल्यानं. बोरोदिन्स्कीचा येतो माल्टमुळे. आपल्या बाजारात मिळणारा ब्राऊन ब्रेड पुष्कळदा मैद्याचा असतो आणि त्याचा रंग कॅरॅमलचा असतो. पाकिटावर बारीक अक्षरात १५०ए असं लिहिलेलं वाचून घ्यावं. घरच्या मशीनमध्ये सोळा तास भाजता येत नाही, म्हणून गडदपणा उकडीतून आणि गुळातून आणावा लागतो. तो काळा होत नाही, तांबूस तपकिरी होतो, आणि मी त्यात समाधानी आहे. कोको किंवा कॉफी घालून तो काळा करण्याचीही रीत आहे. मला ती मानवत नाही, कारण त्यानं चव झाकली जाते आणि पीठ नीट आंबलं का याची खूण हरवते.

सगळ्यांत जड आक्षेप हा, की पाच मिनिटांत तव्यावर गरम भाकर होत असताना हा दोन दिवसांचा खटाटोप कशासाठी? भाकरीला पर्याय म्हणून कुणी रायचा पाव करत असेल तर ते मलाही पटणार नाही. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसमोर तो उभा राहू शकत नाही. पण भाकर सकाळची संध्याकाळी कडक होते आणि दुसऱ्या दिवशी कुस्करूनच खावी लागते. रायचा पाव आंबटपणामुळे बुरशीला दाद देत नाही आणि पाणी धरून ठेवत असल्यामुळे आठवडाभर कापता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर तो जास्त चांगला लागतो. संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत पहाटे निघावं लागणाऱ्या घरात, किंवा डबा घेऊन कारखान्यात पाळीला जाणाऱ्याच्या घरात, एक दिवस बाईनं चुलीसमोर न बसता सगळ्यांची सोय होणं ही लहान गोष्ट नाही. मशीननं हातचं कसब जाईल अशी भीती कुणी घालतं तेव्हा मला वाटतं, की या पावात हाताचं काम उलट वाढतं. फक्त ते रोज पहाटे करावं लागत नाही. प्रणोती नागरकर यांनी सिंगापुरात उभं केलेलं रोटीमॅटिक हे यंत्र पीठ भिजवण्यापासून पोळी फुगवण्यापर्यंत सगळं स्वतः करतं. ते काम मोलाचं आहे, पण ते गव्हाच्या पोळीसाठी जन्माला आलं, आणि तिथे पिठाचा स्वभाव आधीच नेमका ठरलेला होता. आंबवणावरच्या रायसाठी असं कोणतंही यंत्र घडेपर्यंत, कधी थांबायचं आणि कधी भाजायचं हे ठरवणारं माणूसच लागणार.

आरोग्याचं म्हणाल तर एक गैरसमज दूर करणं मला गरजेचं वाटतं. राय ग्लुटेनमुक्त नाही. ज्यांना सिलिअॅक हा आजार आहे त्यांनी गव्हासारखीच रायही टाळायची असते. जाळी विणत नाही म्हणून तिची प्रथिनं निरुपद्रवी होत नाहीत. अशा माणसाला ज्वारी चालते, आणि ती घरातच आहे. तंतुमय पदार्थांसाठीही मोहगावातल्या माणसाला राय मागवायची गरज नाही. रायचा पाव करायचा तो त्याच्या चवीसाठी आणि टिकाऊपणासाठी. औषध म्हणून त्याची भलामण मी करणार नाही.

इथल्या हवेचा आणि विजेचा वेगळा विचार करावा लागतो, कारण पुस्तकांतली वेळापत्रकं थंड मुलखातली असतात. मे महिन्यात पारा ४२-४३वर जातो तेव्हा रात्रभर ठेवलेलं आंबवण पहाटेपर्यंत आंबट होऊन खाली बसतं. त्या दिवसांत जुनं आंबवण अगदी चिमूटभर घ्यावं, पिठातलं थोडं मीठ आंबवणातच टाकावं, आणि भांडं माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवावं. थंडीत उलट, मशीनचा दह्याचा प्रोग्रॅम असेल तर तो काही मिनिटं चालवून बंद केला की आतली ऊब रात्र काढते. वीज गेली तर बहुतेक मशीन थोडी मिनिटंच धीर धरतात आणि मग प्रोग्रॅम विसरतात. भाजायला लावून अर्धा-पाऊण तास झाला असेल तर पाव आत धरलेला असतो. तो त्याच भांड्यातून काढून, तळाशी मीठ पसरलेल्या कुकरमध्ये शिट्टी न लावता मंद आचेवर पुरा करता येतो. वरचा भाग तसाही फिका असतो, कारण मशीनमध्ये वरून आच नसते.

राहिला पैशांचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. रायचं पीठ शहरातून मागवावं लागतं आणि गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठाच्या मानानं ते महाग पडतं. म्हणूनच भाकरीचा हिशेब धरण्याचा खरा फायदा इथे होतो. उकडीतलं सगळं पीठ रायऐवजी ज्वारीचं घेतलं तरी पाव बांधून राहतो, फक्त ती उकड गंजात, आचेवर, भाकरीची काढतात तशी पूर्ण शिजवावी लागते, कारण ज्वारीचा स्टार्च रायपेक्षा जास्त तापल्यावर फुटतो. नुसतं उकळतं पाणी ओतून तो अर्धवट राहतो. मोडांचं पीठ ती निवताना घालायचं. तेही गव्हाच्याच मोडांचं, ज्वारीच्या नव्हे. कोवळ्या ज्वारीनं जनावरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे इथे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत आहे. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. असा पावाचा चौथा हिस्सा ज्वारीचा झाला की चवीला थोडा गोडवा येतो आणि पाव किंचित मोकळा होतो. ज्वारी निम्म्यावर नेली की काप भुरभुरायला लागतात. तिथे भिजवलेल्या उडीद डाळीचं बारीक वाटण घातलं तर बराच फरक पडतो, कारण खानदेशात कळण्याच्या भाकरीत ज्वारीला जो उडीद सावरतो, तोच चिकटपणा इथेही कामाला येतो. निम्म्याच्या पुढे मात्र रायचा आधार सुटतो आणि मशीनच्या खोल भांड्यात तो पाव मधून दडस राहतो. तेवढी ज्वारी घ्यायची असेल तर पसरट डब्यात, बोटभर जाडीचा थर देऊन भाजावा, म्हणजे आच आतपर्यंत पोचते.